वरची कोथिंबीर

नीतीचे प्रश्न माणसाला कुठं गाठतील याचा नेम नाही. अर्जुनाला ते कुरुक्षेत्रावर पडले. मला ते नेरूळमधल्या आमच्या साडेतीन बाय नऊ फुटांच्या बाल्कनीत, प्लॅस्टिकच्या कुंडीपुढे उकिडवा बसलो असताना पडले. अर्जुनाला निदान सारथी चांगला मिळाला होता. माझ्या मागे बायको उभी होती आणि म्हणत होती, "अहो, उठा आता. तुम्ही असे टक लावून बसलात तर ती लाजेल नाही का उगवायला?"

ती म्हणजे कोथिंबीर.

शेतीची सुरुवात कोथिंबिरीनं करावी, असं मला ज्यानं त्यानं सांगितलं. "कोथिंबिरीला काय लागतं? धणे टाकले की आली!" सांगणाऱ्यांपैकी एकानंही आयुष्यात धणे टाकलेले नव्हते, हे मला पुढे कळलं. मी स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर धणे घेतले आणि पेरले. दहा दिवस गेले, बारा गेले. कुंडी समाधी लागल्यासारखी स्वस्थ. मग कोणीतरी विचारलं, "धणे रगडले होते का?" धणा हा एक नसून दोन दाण्यांची जोडी असते, ती हलक्या हातानं फोडून पेरावी लागते, ही गोष्ट पन्नास वर्षं कोथिंबीर खाऊन मला ठाऊक नव्हती!

दुसऱ्या खेपेला धणे रगडून पेरले. ते कबुतरांनी खाल्ले. तिसऱ्या खेपेला बाल्कनीला जाळी बसवली. कोंब आले, आणि त्या आनंदात मी तान्ह्या बाळाला दूध पाजावं तसं त्यांना दर दोन तासांनी पाणी पाजलं. मुळं कुजली. लाडानं मुलं बिघडतात हे ऐकून होतो, कोथिंबीर कुजते हे नव्यानं कळलं. चौथ्या खेपेला मात्र पंचेचाळिसाव्या दिवशी पीक हाती आलं. मी काड्या मोजल्या. सत्तावीस भरल्या.

मी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केलेला माणूस. हात आपोआप कागदाकडे गेला. कुंडी २२० रुपये, मातीचं पोतं १८०, गांडूळखत ९०, झारी १५०, बी ४०, कबुतरांची जाळी १,४००. एकूण २,०८० रुपये. भागिले सत्तावीस. काडीला सत्त्याहत्तर रुपये पडले! यात माझी मजुरी धरलेली नाही. ती बायको कशातच धरत नाही.

आणि इथंच तो नीतीचा प्रश्न उभा राहिला. तीस वर्षं मी भाजी घेतो आहे. पाव किलो वांगी, अर्धा किलो बटाटे, आणि पिशवी उचलता उचलता ठरलेलं वाक्य: "मावशी, वर थोडी कोथिंबीर घाला." वर! पुराणातली माणसं वर मागायची, पण त्याआधी एका पायावर उभं राहून बारा बारा वर्षं तप करायची. आपण पाव किलो वांग्यांवर वर मागतो. मावशी वीसएक काड्या आणि दोन मिरच्या टाकतात. माझ्या बाल्कनीच्या भावानं त्या काड्यांचेच दीड हजार रुपये झाले. एवढी रक्कम मी आठवड्यातून तीनदा फुकट उचलत होतो, आणि एखाद्या दिवशी काड्या कमी पडल्या तर वर तोंड करून म्हणत होतो, "एवढीशीच?"

आता तुम्ही म्हणाल, बाल्कनीतला हिशेब शेताला लावू नये. कबूल. पण शेतकऱ्याला कोथिंबीर स्वस्त पडत असेल, फुकट पडत नाही. त्याच्याही कोंबांना पाणी जास्त होतंच, आणि ते वरून पडतं, झारी बाजूला ठेवून थांबवता येत नाही. नाशिककडून रात्रीच्या गाडीनं जुड्या निघतात आणि पहाटे वाशीच्या घाऊक बाजारात उतरतात. हा भाजीबाजार १९९६ साली भायखळ्याहून इथं आला, म्हणजे आम्ही नवी मुंबईकर कोथिंबिरीच्या अगदी माहेरीच राहतो म्हणायचं. भाव चढला की आपण घरोघरी हळहळतो. पडला की शेतकरी जुड्या रस्त्यावर ओततो, आणि तो फोटो आपण चहाबरोबर बघतो.

तेव्हा ठरवलं, यापुढे वरची कोथिंबीर घ्यायची नाही. मन कसं हलकं झालं. सज्जन होण्याचा हा मार्ग इतका स्वस्त असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींचा हात सवयीनं जुडीकडे गेला. मी तो वरच्यावर थांबवला. "कोथिंबिरीचे पैसे लावा, मावशी."

"का? शिळी हाय का?"

"तसं नाही. फुकट घेणं बरं नव्हे. मी स्वतः पिकवून पाहिली, तेव्हा कळलं."

"कुठं पिकवली?"

"बाल्कनीत."

"किती आली?"

"सत्तावीस काड्या."

मावशी हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. शेजारची लसूणवाली हसली.

"नि माती कुठली?"

"विकत आणली. एकशेऐंशी रुपये पोतं."

आता मात्र मावशींच्या हातातली जुडी हातातच राहिली. "माती इकत घेतली? हितं?"

त्या "हितं"चा अर्थ मला कळायला थोडा वेळ लागला. मावशी इथल्याच गावच्या. आमची इमारत उभी आहे त्या बाजूला त्यांच्या वडिलांचं भाताचं खाचर होतं. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून गाव मिळून बांध घालायचा. बांध फुटला की जमीन खारावायची आणि वर्षं वाया जायची. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. मोबदल्यासाठी पुढे आंदोलनं झाली. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही वर्षांनी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एवढं सगळं ज्या मातीपायी झालं, तिच्यावर सहाव्या मजल्यावर राहून मी परगावची माती पोत्यातून विकत आणली होती.

"दादा," मावशी म्हणाल्या, "आमी पण मागितलं हो, वर काय घालताव म्हणून. मागून मिळालेल्या वराला लई दिवस लागतात. ही कोथिंबीर तशी नाय. ही मी माझ्या मनानं घालते. तिचं पैसं लावायचं तर मन कवढ्याला इकू, सांगा."

मी गप्प. तीस वर्षं मी जे हक्कानं मागत होतो ती त्यांची देणगी होती, आणि आता मोठ्या सज्जनपणानं मी ती नाकारत होतो. म्हणजे आधी त्यांची कोथिंबीर फुकट घेत होतो, आता त्यांचा दिलदारपणा पैसे टाकून गप्प करू बघत होतो. यातलं जास्त वाईट कोणतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. माझे चार रुपये नाशिकपर्यंत पोचणार नव्हते. पोचलं असतं ते माझंच समाधान, आणि तेही फार तर आमच्या जिन्यापर्यंत.

एवढं मात्र समजलं की मागणं आणि मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तेव्हापासून मी मागत नाही. मावशी घालतात ते घेतो, मोजत नाही, आणि "एवढीशीच?" हा शब्द तोंडातून गेला आहे. नीतिशास्त्रात ही प्रगती किरकोळ असेल; पण माझंही पीक किरकोळच होतं.

राहिली ती सत्तावीस काड्यांची गोष्ट. ती आमटीवर घालायला हात धजेना. शेवटी दोऱ्यानं बांधून जुडी केली आणि मावशींना नेऊन दिली. "मनानं देतोय," म्हणालो. त्यांनी ती हातात घेऊन वास घेतला, मान डोलावली आणि पदराशी धरली. माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात आमच्याच इमारतीतल्या एक बाई पाव किलो भेंडी घेऊन म्हणाल्या, "मावशी, वर थोडी कोथिंबीर घाला." मावशींनी मनानं हात उचलला आणि माझी अख्खी जुडी त्यांच्या पिशवीत टाकली.

बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"एवढीशीच?"