तापमापक कोणाच्या हातात?



विवाहपूर्व शिबिरात एक प्रश्न हमखास येतो, बहुधा चिठ्ठीवर, नाव न लिहिता. "फादर, गोळी घेऊन मूल लांबवले तर ख्रिस्तसभा नको म्हणते, दिवस पाहून लांबवले तर चालते. हेतू एकच, मग फरक कुठे?" प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. सकाळी जाग येताच, अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाण्याचा घोटही न घेता स्त्रीने आपले तापमान पाहायचे आणि रोज कागदावर मांडायचे. स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीर किंचित तापते, साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस. पाळी येण्याच्या सुमारास ते पुन्हा उतरते. अठरा दिवस किंवा अधिक वरच राहिले, तर गर्भ राहिला असण्याची शक्यता मोठी. मग चाचणी करून डॉक्टरांकडे जावे. मात्र तापमान वाढते ते बीज सुटून गेल्यावर. ते आगाऊ सूचना देत नाही, म्हणून काही महिने नोंदी ठेवून, जाणकाराकडून शिकूनच ही पद्धत वापरावी लागते.

या पद्धतीला आकार देणाऱ्यांत विल्हेल्म हिलेब्रांड हे जर्मन धर्मगुरू होते, १९३५च्या सुमारास. आपल्या देशात सरकारनेही १९५२च्या सुमारास दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूरकडील रामनगरम येथे दिवस मोजण्याचा प्रयोग केला होता. स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. दिसायला आपल्या जपमाळेसारख्याच! पण पाळी काही माळेच्या हिशेबाने चालत नाही. मदर तेरेसांनी डिसेंबर १९७९ मध्ये ऑस्लो येथे नोबेल व्याख्यानात सांगितले, की कोलकात्यातील गरिबांना आम्ही तापमापक वापरायला शिकवतो आणि त्यांना तो समजतो.

आता प्रश्नाकडे वळू. "हे नैसर्गिक, ते कृत्रिम" हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. तापमापक काही झाडाला लागत नाही. पोप सहावे पौल यांनी १९६८ साली 'हुमाने वीते' या परिपत्रकात मांडलेला भेद कृतीचा आहे. शेजाऱ्याचे गुपित राखायचे असेल तर गप्प राहता येते, किंवा खोटे बोलता येते. हेतू एकच, तरी मौन म्हणजे खोटे नव्हे. पतिपत्नीचे मीलन हे शरीराने दिलेले वचन आहे. न बोलणे वेगळे आणि बोलता बोलता शब्द अर्धा गिळणे वेगळे.

पण मौनही क्रूर असू शकते. पत्नी "आज नको" म्हणते आणि पतीची आदळआपट सुरू होते, किंवा ती भीतीने काहीच बोलत नाही, अशा घरात ही पद्धत म्हणजे तिच्या डोक्यावरचा आणखी एक हंडा. संयम दोघांचा नसेल तर वर सांगितलेला भेद कागदावरच राहतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूल हवे असलेल्या घरांत तर हा कागद पुरावाच होऊन बसतो. "हिचेच तापमान वर जात नाही," असे सासूबाई चारचौघांत बोलतात. तक्ता अगदी बरोबर असला तरी पतीच्या बाजूचे त्यातून काहीच कळत नाही. त्याची तपासणी सोपी आहे, ती सुरुवातीलाच व्हायला हवी. इथे मात्र घरोघरी लाज आडवी येते.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. कधी तापमान नेहमीपेक्षा चार-पाच दिवस अधिक वर राहते, मग उतरते आणि पाळी येते. आपल्या आजीने "या वेळी उशीर झाला" एवढेच म्हटले असते. तक्ता मांडणाऱ्या स्त्रीला मात्र शंका येते, की काही रुजले होते आणि गेले. ते खरे असूही शकते. खात्री चाचणीनेच होते. तिने ते दुःख एकटीने, चुलीपुढे, कोणाला न सांगता गिळावे का? ज्या पतीने तो कागद कधी पाहिलाच नाही, त्याला घरात दुःख आहे हेही कळत नाही.

म्हणून शिबिरातल्या तरुणांना आम्ही सांगतो, तापमान तिने पाहावे, नोंद तुम्ही करावी. मंचरकडे पंपाला रात्रीची वीज असली की रात्री दोनला उसाला पाणी द्यायला उठावे लागते, बिबट्याच्या धास्तीने घरही अर्धे जागेच असते. निदान तीन तास सलग झोप झाली नसेल तर त्या सकाळचा आकडा धरू नये. अशा दिवशी आकड्याशेजारी पतीने पेन्सिलीने लिहावे, "रात्री दारे धरली".