आईचं लुगडं कोणी धुवायचं?

शंका : खारदांड्याचे एक वाचक विचारतात. घरची होडी आहे, वडील हयात नाहीत, लग्न झालेलं नाही. आईला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला; उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हापासून पाणी भरणं, भात-कालवण, केरवारा, भांडी आणि आईची खराब झालेली लुगडी-चादरी धुणं, हे सगळं तेच करतात. काकांना हे पसंत नाही. बाप्यामाणसानं बाईचं लुगडं धुतलं की घरातली बरकत जाते, लग्न कर आणि सून आण, असं त्यांचं म्हणणं. वाचकांच्या मनात चार शंका आहेत. या कामात खरोखर दोष आहे का? असली कामं आटोपून लगेच देवापुढे दिवा लावला तर चालतो का? एका गुरुजींनी पितृदोष सांगून त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी करायला सांगितलंय. होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे त्यात घालावेत का? आणि आई बरी व्हावी म्हणून कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला होता. चैत्रातल्या यात्रेला जाता आलं नाही, तर देवी कोपेल का?

समाधान : पहिल्या शंकेचं उत्तर एका शब्दात देता येतं. नाही.

पण काकांचं म्हणणं एवढ्यावर सोडून देण्यासारखं नाही, कारण ते एकट्या काकांचं नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या ज्या मोठ्या बोटी आठ-आठ दिवस दर्यात राहतात, त्यांवर बाई नसते. तिथे भात कोण शिजवतं? कालवणाला फोडणी कोण देतं? खलाशीच. भांडीही तेच घासतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की दांड्याच्या किनाऱ्यावर मिशीवाले गडी सुई-दोरा घेऊन दिवसच्या दिवस जाळी शिवत बसतात, आणि त्या शिवणकामाला कोणी बायकी म्हणत नाही. उलट कोळीण पाटी घेऊन बाजारात बसते, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते, घरखर्चाचा पैसा तिच्या कमरेला असतो. तिने बाप्याच्या बरोबरीने बाजार केला तर घरात बरकत येते, आणि तिच्या मुलाने तिचं लुगडं पिळलं की बरकत पळून जाते, हा हिशेब काकांनी एकदा मांडून दाखवावा.

काम तेच असतं. ते दर्यात केलं तर कसब ठरतं, मोरीत केलं तर कमीपणा.

या बाबतीत शास्त्राचे दाखले देत बसण्यापेक्षा साने गुरुजींकडे जावं. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुस्तकातली पहिलीच रात्र सावित्री-व्रताची आहे, आणि ती नेमकी या शंकेवरच आहे. आई तापाने खंगलेली. वडाला 108 प्रदक्षिणा घालायची ताकद तिच्यात नाही. ती श्यामला सांगते, माझ्याऐवजी तू घाल. श्यामला लाज वाटते. वडाभोवती सगळ्या बायका, त्यात हा एकटा पोरगा, मित्र हसतील. आई त्याला समजावते की लाज पाप करायची वाटावी, देवाच्या कामाची कसली लाज? आणि श्याम जातो. एवढी जुन्या वळणाची बाई. पण आपलं व्रत मुलाच्या पायांनी पुरं झालं तर ते बाटेल, असं तिला वाटलं नाही. पुस्तक घराघरांत पोचलं, 1953 साली अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, थिएटरात लोक हुंदके देऊन रडले. रडून घरी आल्यावर ताट मात्र जागेवरच ठेवून उठले.

गुरुजी लिहून थांबले नाहीत. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते वसतिगृहही सांभाळत. मुलं वर्गात गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, कोपऱ्यात पडलेले मळके कपडे धुऊन वाळत घालायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. धोतर नेसणारा, एम.ए. झालेला मास्तर परक्यांच्या पोरांचे सदरे धुतो आणि त्याचं काही उणं होत नाही. मग पोटच्या पोराने आईचं लुगडं धुतलं तर काय व्हायचंय? पांडुरंगाला विटेवर ताटकळत ठेवणाऱ्या पुंडलिकाची गोष्ट काकांनाही पाठ असेल. पुंडलिक त्या वेळी बायकोला हाक मारून ‘जरा आईचे पाय चेप’ असं सांगत नव्हता, एवढं त्या गोष्टीतून घेतलं तरी पुरे.

हा मुद्दा जरा लांबवायला हवा. ‘आम्ही आईवडिलांची सेवा करतो’ असं पुरुष छातीवर हात ठेवून सांगतात, तेव्हा पथ्याचं रांधणारी, भांडं देणारी, रात्री उठणारी बहुतेक वेळा सून असते, नाहीतर लेक. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकामात एका दिवसात हात लावणाऱ्या बायका शंभरात 81, पुरुष 26. हात लावणाऱ्यांतही बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. आकडे जुने झाले, पण चाळीचाळीतली आणि टॉवरटॉवरमधली सकाळ पाहिली तर त्यांत फार फरक पडला असेल असं वाटत नाही. ‘सून आण’ या सल्ल्याचा अर्थ या हिशेबात शोधावा. लग्न जरूर करावं. पण ज्या मुलीला बघायला जाल तिला घरात अर्धांगाची आई आहे आणि तिचं आपणच करतो, हे चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगावं. बिनपगारी आया मिळवण्यासाठी मंगळसूत्र करणं हा खरा दोष. त्यावर कुठलीही शांत नाही.

वाचकांनी पत्रात एक गोष्ट अडखळत लिहिली आहे, शंका म्हणून नव्हे. आईला पुसताना, तिचे कपडे बदलताना दोघांनाही अवघड वाटतं. ती मान भिंतीकडे फिरवते. चारही शंकांपेक्षा मोलाचं हेच आहे. शेजाऱ्यांना काय वाटतं ते सोडून द्यावं. आईला काय वाटतं ते सोडू नये. ज्या बाईने जन्मभर पदर ढळू दिला नाही, तिला मुलाच्या हाताखाली उघडं पडणं जड जाणारच. तिला विचारावं. अंघोळीपुरती बहीण, मावशी किंवा विश्वासाची शेजारीण चालत असेल, तर तेवढं त्यांच्याकडे द्यावं. कोणी नसेल तेव्हा आधी दार लावावं, अंगावर एक चादर पांघरावी आणि तिच्या आतून, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करत पुसावं. दवाखान्यातल्या नर्स दिवसरात्र असंच करतात. पुढच्या तपासणीला त्यांच्याकडून एकदा समोर करून घ्यावं.

चादर बदलायलाही आईला उचलायची गरज नसते. तिला एका कुशीवर वळवायचं, मळकी चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, तिच्यामागे धुतलेली अर्धी अंथरायची. मग गुंडाळीवरून हलकेच दुसऱ्या कुशीवर घेतलं की मळकी ओढून निघते. नाहीतरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच असते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. भरवताना तिला टेकून ताठ बसवावं. पातळ पेजेपेक्षा मऊ, दाटसर कालवलेला भात गिळायला बरा, ठसका कमी लागतो. रक्तदाब असेल तर खारवलेली मासळी, पापड, लोणचं ताटातून काढावं. कोळ्याच्या घरी हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, पण इलाज नाही.

आणि सगळीच कामं तिच्या हातून काढून घेऊ नयेत. डावा हात चालतो ना? मग परडीत जवळा द्यावा निवडायला, लसूण द्यावी सोलायला. वेळ लागेल, सांडेल. कालवणात मीठ किती ते तिनेच सांगावं. ज्या घरात चाळीस वर्षं तिचा शब्द चालला, तिथे तिला नुसतं अंथरुणावर ठेवून सगळं परस्पर उरकणं हीसुद्धा तिची आबाळच आहे, मग आपण कितीही दमलेलो असलो तरी.

दिव्याच्या शंकेत फार शिरायला नको. हात साबणाने धुवावेत, सदरा बदलावा, दिवा लावावा. नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यात प्रत्येक चादरीनंतर डोक्यावरून अंघोळ कुठून करणार? साबण हवा तो आईसाठी. देवासाठी म्हणाल तर ज्या विठ्ठलाने जनाबाईबरोबर दळण दळलं, शेण्या वेचल्या, तिच्या केसांतल्या उवा काढल्या असं वारकरी सातशे वर्षं सांगत आलेत, तो मोरीतून आलेल्या माणसाला नाक मुरडेल हे पटत नाही. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचं जातं म्हणून आजही दाखवतात, लोक ते हाताने फिरवून बघतात. त्या जात्यासमोर सोवळ्याची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

आता पितृदोष सांगणारे गुरुजी.

नारायण-नागबळी हा तीन दिवसांचा विधी. अपमृत्यू आलेल्या पूर्वजांना गती मिळावी आणि नागहत्येचा दोष जावा, यासाठी तो करतात. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांनी तो खुशाल करावा. पण अर्धांग म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकणं किंवा ती नळी फुटणं. रक्तदाब, साखर, तंबाखू, मशेरी यांची चौकशी न करता जो माणूस थेट मेलेल्या आजोबांकडे बोट दाखवतो, त्याने पंचांग पाहिलं नाही, घरातल्यांचा चेहरा पाहिला. आजारी माणसाच्या घरची भीती हे पैसे उकळायचं सगळ्यात सोपं ठिकाण. शिवाय यात गुरुजींना जोखीम नाही. आई सुधारली तर विधीचं फळ, नाही सुधारली तर विधीत काहीतरी उणं राहिलं आणि दुसरा विधी तयार. होडीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्तरीने असं उत्तर दिलं तर वाचक त्याला किनाऱ्यावर पाऊल टाकू देतील का?

महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात गोळ्या घालून मारले गेले. त्यानंतर सरकारला वटहुकूम सुचला. त्या कायद्याने अघोरी प्रकारांना चाप बसतो, पण शालजोडी पांघरून, गोड बोलून, ‘तुमच्या आईसाठी सांगतो हो’ असं म्हणत केलेली वसुली त्यात सहजासहजी सापडत नाही. तिथे आपणच नाही म्हणायला शिकलं पाहिजे. आणि हे दुखणं फक्त त्र्यंबकेश्वराचं नाही. गल्लीतला भगत, टीव्हीवरचा रत्नवाला, तेल विकणारा बाबा, हे एकाच रांगेतले. त्यांच्याकडे हमखास जाणारी माणसं कोण, तर ज्यांना आईजवळ बसायला वेळ झालेला नसतो ती. पावती फाडली की मन हलकं होतं, म्हणून दुकान चालतं. वाचक त्यांतले नाहीत, हे त्यांच्या पत्रावरूनच दिसतं. म्हणून तर हे पैसे त्यांनी मुळीच देऊ नयेत. इंजिन दुरुस्त करावं, कारण औषधं त्याच इंजिनावर येतात. उरलेल्यातून फिजिओथेरपी चालू ठेवावी. अर्धांगात हातापायाची सुधारणा बरीचशी पहिल्या काही महिन्यांत होते, आणि वर्ष उलटलं तरी व्यायाम सोडला की सांधे आखडतात. पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडी वळली तर वेळ बघून ठेवावी आणि तडक मोठं हॉस्पिटल गाठावं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेवढ्या वेळात अंगारा शोधायला कोणी पळू नये.

एकट्याने ओढू नये, हेही इथेच. बहीण असेल तर तिलाही हक्काने बोलवावं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवर आहे, सज्ञान नातवंडांवरसुद्धा. कायदा दाखवून बहिणीला बोलवायचं नाही, पण ‘ती आता दुसऱ्या घरची’ म्हणून वगळायचंही नाही. काकांचंही तेच. सल्ला देणाऱ्याकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी आईजवळ बसायचं काम सोपवून बघावं.

राहिला नवस. एकवीरा ही कोळ्यांची आई. लेकरू दुसऱ्या आईच्या उशाशी अडकलंय म्हणून ती कोपणार नाही. चैत्रात कार्ल्याला जी रेटारेटी असते तिच्यात आईला नेणं शक्य नव्हतं आणि तिला टाकून जाणं योग्य नव्हतं. नवस मोडला असं न समजता, एखाद्या साध्या वारी, यात्रा-सुट्टी नसताना, पहाटेची गाडी धरून मळवलीला उतरावं, पायऱ्या चढून नारळ ठेवावा आणि संध्याकाळच्या आत घरी यावं. त्या दिवशी बहीण किंवा काका जे कोणी घरी बसतील, त्यांच्यासाठी गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवाव्यात, आणि कूस कशी बदलायची ते आदल्या रात्री एकदा त्यांच्याच हाताने करून घ्यावं.