सत्कर्माचा डांगोरा कोणी पिटावा?

युद्ध सुरू झाले की रणाच्या बातम्यांसोबत आणखी एक बातमी येते. अमक्या जवानाने जखमी साथीदाराला पाठीवर घेतले, तमक्याने शत्रूकडच्या लेकराला पाणी पाजले. नेर परसोपंतात पूर्वी अशी बातमी पारावर एकाने वाचावी अन् दहांनी ऐकावी. आता ती ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येते. ऊर भरून येतो. पण वारकऱ्याच्या मनात शंकाही उभी राहते. पुण्य बोलून दाखविले की सरते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अदंभित्व विवरिले, तेही हेच, की केलेला धर्म झाकून ठेवावा. मग छापल्याने जवानाचे सत्कर्म उणे होते काय?

नाही. झाकण्याचा धर्म करणाऱ्याचा, पाहणाऱ्याचा नव्हे. नाथांनी कावडीतली गंगा तहानेल्या गाढवाला पाजली, ती कथा त्यांनी स्वतः मिरविली नाही. लोकांनी आपल्यापर्यंत आणली. लोक तोंड मिटून बसते, तर नुकसान नाथांचे काहीच नव्हते. आपले होते.

मात्र सांगणाऱ्यालाही धर्म आहे, अन् तो संजयापासून शिकावा. कुरुक्षेत्राचा वार्ताहर तोच. चाकरी धृतराष्ट्राची, पण एकट्या अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारले, हे त्याने धन्याच्या तोंडावर सांगितले. द्रोणवधाच्या वेळी धर्मराज अर्धे खोटे बोलले, हेही लपविले नाही. मिठाला जागला, पण मिठासाठी जीभ विकली नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव मराठा पलटणीत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदी ओलांडताना जर्मन मशीनगनांचा मारा सुरू झाला. कंपनी कमांडर व दोन शिपाई जखमी झाले, बाकीचे साथीदार पडले. जाधवांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. तिसऱ्यांदा गेले, ते मशीनगनांची तीन ठाणी बंद करूनच थांबले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता पाहा. मथळा करणारा बहुधा तिसरी खेप उचलतो. पहिल्या दोन खेपा दयेच्या, त्या मागे पडतात. दुसरा कोणी फक्त दयाच सांगेल, म्हणजे युद्ध गोड दिसेल. दोन्ही अर्धवट. दोघे वाचले हे सांगताना, त्याच काठावर आपले साथीदार पडले अन् त्या ठाण्यांतही कोणा मातेचीच लेकरे होती, हेही सांगितले पाहिजे. सत्कर्माची बातमी रक्तावर घालायची शाल होऊ नये.

दुसरी कसोटी फोटोची. तहानेल्याला पाणी आधी की कॅमेरा आधी? कॅमेरा येईस्तोवर ज्याने पेला हातात धरून ठेवला, त्याचे पाणी तहानेल्याला मिळाले खरे, पण ते दान कीर्तीच्या पदरात पडले.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड. शत्रूचे चांगले आपण सांगतो काय? १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान पडला (‘कर्नल’ हे त्याचे नावच). आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी तो शौर्याने लढल्याची चिठ्ठी त्याच्या देहासोबत पाठविली. पुढे पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर दिले. यात आपल्या जवानांची कीर्ती तसूभरही घटली नाही. भूतमात्री देव म्हणणाऱ्याला हे सांगावे लागू नये. पण बातमी ऐकताना आपण सीमेपाशी देव थांबवितो.

एवंच, करणाऱ्याने झाकावे, पाहणाऱ्याने पुरते सांगावे, अन् ऐकणाऱ्याने? नुसते हात जोडून त्याने सुटू नये. बातमी शिळी होते. जवानाची जखम होत नाही. त्याच्या घरची पेरणी अडली असेल, म्हातारी एकटी असेल, तर तिथे जावे. शिवाय ज्याच्या सत्कर्मापाशी बातमीदार पोचलाच नाही, तोही जवान आहेच. त्याचा साक्षी विटेवर उभा आहे.

रामकृष्ण हरी.