भिंतीआडचं काम

कापसाचे पैसे हाती आले की मारेगावाकडे घरांची कामं निघतात. कुणी मागच्या अंगाला न्हाणीघर काढतं, कुणी स्लॅबवर टाकी चढवतं, कुणाच्या घरकुलाचं राहिलेलं काम उरकायचं असतं. गवंडी कोण सांगायचा यावर चार घरी चौकशी होते. विटा कुठल्या, सिमेंट कोणतं, यावर सोयऱ्याधायऱ्यांचा सल्ला घेतला जातो. टाइलचा रंग ठरवायला तर अख्खं कुटुंब वणीला जाऊन येतं. प्लंबरचं मात्र गवंडीच परस्पर सांगून टाकतो, "आहे ना भाऊ आपला पोरगा, उद्या घेऊनच येतो." झाली निवड!

सुताराने केलेलं दार रोज डोळ्यांसमोर असतं. रंगाऱ्याचा हात कुठे चुकला, ते येणारा पाहुणाही सांगतो. प्लंबरचं काम मात्र चार दिवसांत प्लास्टरखाली जातं, त्यावर टाइल बसते आणि ते कसं झालं हे कळतं भिंतीला ओल आल्यावर. तोवर त्याचे पैसे चुकते झालेले असतात. म्हणून प्लंबर निवडताना कौशल्याइतकाच स्वभाव पाहावा लागतो. आपल्या नजरेआड तो कसं काम करेल, हा खरा प्रश्न असतो.

याचा अंदाज त्याच्या बोलण्यावरून येत नाही. एखादा जोड करताना त्याच्या हाताकडे पाहावं. पाइप करवतीने कापला की कडेला प्लास्टिकची बारीक कुसं राहतात. चांगला कारागीर ती घासून काढतो, पाइपचं तोंड फडक्याने पुसतो, सोल्युशन पाइपच्या बाहेरून आणि एल्बोच्या आतून सारखं लावतो, पाइप शेवटपर्यंत दाबून किंचित फिरवतो आणि क्षणभर तसाच धरून ठेवतो. घाईतला माणूस ओल्या, मातकट पाइपवर सोल्युशन फासतो, खुपसतो आणि पुढच्या जोडाकडे वळतो. दोघांचे जोड वरून सारखेच दिसतात. फरक अर्ध्या मिनिटाचा असतो आणि पुढे तोच भिंत फोडायला लावतो.

दुसरी पारख म्हणजे त्याला इथली माती आणि इथलं ऊन किती कळतं. आपली कापसाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. तिच्यात नुसता चर खणून पुरलेला पाइप तिच्याबरोबर हलतो आणि जोड निखळतात. जाणकार प्लंबर चर खोल घ्यायला सांगतो, खाली-वर रेती टाकायला लावतो. उघड्यावरच्या साध्या पीव्हीसी पाइपचंही तसंच. विदर्भातल्या उन्हात काही वर्षं तापला की तो ठिसूळ होतो. अशा जागी कोणता पाइप घ्यावा, तो झाकावा की रंगवावा, हे जो आपण विचारण्याआधी सांगतो, त्याचा नंबर जपून ठेवावा.

आणि तिसरी पारख मला सर्वांत मोलाची वाटते. तो नाही म्हणतो का? दुकानात चकचकीत शॉवर दिसतो, मन बसतं. पण 10 मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. एकमजली घराच्या स्लॅबवर ठेवलेल्या टाकीतून त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. जोराच्या दाबावर चालणारा शॉवर तिथे नुसता ठिबकणार. हे आधी सांगणाऱ्या प्लंबरची त्या दिवशीची कमाई कमी होते, आपले पैसे मात्र वाचतात.

उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली की सार्वजनिक लाइनवर थेट मोटर लावून द्या, असा आग्रह होतो. शेजाऱ्याने लावली, मग आपण का मागे राहायचं? तसं करणं नियमात बसत नाहीच. शिवाय मोटरने पाणी ओढलं की लाइनच्या फुटक्या जोडांतून गटाराचं पाणीही आत ओढलं जाऊ शकतं. ते पाणी आपल्याच लेकरांच्या पेल्यात येतं. "ते मी नाही करत जी, खाली टाकी बांधा, ती भरू द्या, मग वर चढवा," असं म्हणणारा माणूस क्षणभर आडमुठा वाटतो. घरात घ्यावा तो असाच.

बोअरच्या पाण्याबाबतही हेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. त्यापुढचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, हाडं धरतात. साध्या कँडलच्या फिल्टरने फ्लोराइड निघत नाही, पाणी उकळूनही जात नाही. "बसवून देतो फिल्टर, पाणी एकदम शुद्ध," म्हणणाऱ्यापेक्षा "आधी पाणी तपासून आणा, मग काय बसवायचं ते ठरवू," म्हणणारा बरा. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते.

पण पारख करणाऱ्यानेही स्वतःकडे पाहावं. आपण भाव पाडतो, निम्म्या पैशात दोन दिवसांचं काम एका दिवसात मागतो आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा धरतो. कामाचे पैसे ठरल्या दिवशी न देणाऱ्याच्या घरी चांगला कारागीर दुसऱ्यांदा येत नाही, येतो तो ज्याला दुसरीकडे काम नाही तो. मजुरी किती, सामान कुणी आणायचं, कोणत्या कंपनीचं, आयएसआय शिक्का आहे ना, हे कागदाच्या एका चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवलं तर दोघांचीही अब्रू राहते. प्लास्टर चढण्याआधी जोड वाळू द्यावेत, सगळी तोंडं बूच लावून बंद करावीत आणि लाइनमध्ये दाबाने पाणी भरून कुठे पाझरतं का ते पाहावं. त्याच दिवशी उघड्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना तेच कामी येतात. या तपासणीला जो कंटाळत नाही, त्याच्याशी हिशेबाच्या वेळी घासाघीस करू नये.

काम संपल्यावर एक कसोटी उरते. नळाचं वॉशर गेलं, म्हणून फोन केला तर तो येतो का? एवढ्या कामात त्याला फारसं काही सुटत नाही, म्हणून बरेच जण टाळतात, आणि आपणही नळाखाली बादली ठेवून मोकळे होतो. पण तासाला एक लिटर गळणारा नळ दिवसाला 24 लिटर पाणी घालवतो, वर्षाला 8,760 लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाचं 55 लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एका माणसाच्या वाट्यातलं निम्म्याला जरा कमी पाणी त्या वॉशरपायी रोज मोरीत जातं. उन्हाळ्यात बोअर तळाला जाणाऱ्या गावात ही उधळपट्टी परवडणारी नाही.

तेव्हा प्लंबर हवा असेल तर गवंड्यावर सोडू नका. ज्या घराचं काम तीन-चार वर्षांपूर्वी झालं आणि भिंती अजून कोरड्या आहेत, त्या घरी जाऊन नाव विचारा. मग त्या माणसाला त्याची मजुरी वेळेवर द्या, आणि वॉशरसाठी आला तरी गाडीच्या पेट्रोलसह पैसे हातावर ठेवा.