नाव कोणाचे, काम कोणाचे?

एखाद्याला नाव देताना त्याच्यावर अन्याय होऊ शकतो काय? प्रश्न भाषेचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचाही आहे. युरोपातील हार्प्सिकॉर्ड या वाद्याच्या नावांचा विचार करताना तो आम्हांला विशेष जाणवला.

या वाद्याची पट्टी बोटाने दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची बारीक काडी वर उठते. त्या काडीत पक्ष्याच्या, पुष्कळदा कावळ्याच्या, पिसाचा टोकदार तुकडा खोचलेला असे. तो तार छेडी आणि सूर उमटे. बोट हलके पडो वा जड, आवाज जवळजवळ तेवढाच. म्हणजे सुराचा खरा कर्ता ते पीस!

आता नावे पाहा. १३९७ साली पादुआच्या एका कायदेपंडिताने लिहून ठेवले की, हेर्मान पोल नावाचा गृहस्थ ‘क्लाविचेंबालुम’ आपण शोधल्याचे सांगतो. या नावात किल्ली, म्हणजे पट्टी आहे. शिवाय काड्यांनी वाजविण्याचे, आपल्या संतुराच्या जातीचे वाद्य आहे. वस्तुतः येथे तारेवर आघात होतच नाही. इंग्रजी नावात हार्प आणि तार आली. (मधला ‘स’ आगंतुक, तो का शिरला हे कोशकारांनाही उलगडलेले नाही.) पिसाची आठवण ठेवली ती ‘कीलफ्ल्यूगेल’ या जर्मन नावाने.

आपण तरी निराळे काय करतो? हार्मोनियमला ‘पेटी’ म्हणतो. आतल्या पितळी पात्यांचे नाव कोण घेतो? घरही वडिलांच्या नावाने ओळखले जाते. पहाटे उठून ते चालविणाऱ्या मातेचे नाव दारावर क्वचितच असते. नाव सोयीसाठी असते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. सर्वांना सामावणारे नाव उच्चारताच येणार नाही. परंतु सोयीचे नाव हळूहळू हिशेब बनते, आणि हिशेबात जो नाही त्याचे देणेही कोणी लागत नाही.

पुढे फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पिसाच्या जागी हातोडी बसविली. १७०० सालच्या मेदिची घराण्याच्या वाद्यसूचीत त्याच्या वाद्याचे वर्णन ‘हळू आणि मोठ्याने वाजणारे आर्पिचेंबालो’ असे आहे. कालांतराने त्यातले आर्पिचेंबालो गळाले, ‘मोठ्याने’ही गळाले. उरले ‘पियानो’, म्हणजे केवळ ‘हळू’. आणि त्याच नावाने ते वाद्य आज मोठमोठी सभागृहे दणाणून सोडते.