मोठे हात

शेतकऱ्याचं चित्र काढायचा हक्क कुणाचा? ज्यानं नांगर धरला त्याचा, की ज्यानं नांगर धरणाऱ्याला निरखून पाहिलं त्याचा?

बियाण्याच्या पिशवीवर एक शेतकरी असतो. पांढरंशुभ्र धोतर, लाल फेटा, तोंडभर हसू. वर्तमानपत्रात दुसरा असतो, भेगाळल्या रानात कपाळाला हात लावून बसलेला. पहिला माल खपवायला, दुसरा कीव करायला. चाळीस वर्षं मी शेती करतोय, पण या दोघांतला एकही मला बांधावर भेटला नाही.

तिसरा भेटला तो बेल्जियमच्या एका चित्रकाराच्या चित्रांत. कॉन्स्टंट पर्मेके त्याचं नाव. १८८६ साली अँटवर्पला जन्मला, १९५२ साली गेला. १९१४ च्या लढाईत सैनिक म्हणून जबर जखमी झाला. पुढं ओस्टेंड बंदरातले कोळी रंगवले. मग याबेके नावाच्या खेड्यात घर बांधून राहिला आणि शेतकरी रंगवू लागला. त्या घरात आज त्याचं संग्रहालय आहे. अशा चित्रकारांना अभिव्यक्तिवादी म्हणतात. म्हणजे डोळ्याला दिसतं त्या मापात न काढता, मनाला जाणवतं तेवढं काढायचं.

त्याचे शेतकरी देखणे नाहीत. रंग मातीचा, तपकिरी, काळपट. खांदे वशिंडासारखे, पंजे फावड्याएवढे. कुणी म्हणेल, ही तर गरिबाची टिंगल झाली. मला तसं वाटत नाही. दिवसभर कुदळ मारून आल्यावर भाकरी मोडायला बसलं, की हात खरंच तेवढाले वाटतात. जड, आपले नसल्यासारखे. ते माप फूटपट्टीनं चुकत असेल, अंगाला विचारा, बरोबर आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतलं, तेव्हा पर्मेकेची कला भ्रष्ट ठरवून त्याला चित्रं काढायची बंदी केली. शेतकरी त्यांनाही हवाच होता, पण पिशवीवरचा. धडधाकट, गोरापान, समाधानी. सत्तेला देखणा शेतकरी आवडतो, कारण त्याच्याकडं बघून आपण त्याचं काही देणं लागतो असं वाटत नाही.

म्हणून हक्काचं म्हणाल, तर पर्मेकेला तो आहे. नांगर धरला नसला, तरी त्याचं ओझं त्यानं ओळखलं.

पण माझं त्याच्याशी एक भांडण आहे. बऱ्याच चित्रांत हातांवर एवढा जीव ओतलाय, आणि चेहरा दगडातून ओबडधोबड काढल्यासारखा. अहो, शेती नुसती हातांनी होत नाही! वाफसा आला का, हे मूठभर माती दाबून ठरवावं लागतं. मृगात पेरायचं की आर्द्रापर्यंत थांबायचं? आधी सोसायटीचं कर्ज फेडायचं की पोरीची फी भरायची? रात्रभर डोकं चालू असतं. निम्मी शेती तिथंच होते.

आमच्याकडंही तेच चालतं. सभेत आमच्या कष्टाला नमस्कार होतो, टाळ्या पडतात. मालाचा भाव ठरतो तिथं मात्र आम्हाला कुणी विचारत नाही. हातांचा मान ठेवायचा आणि डोकं हिशेबात धरायचं नाही, याला अर्धाच मान म्हणायचं. पर्मेकेनं अर्धा तरी खरा दिला. उरलेला अर्धा द्यायला चित्रकारच पाहिजे असं नाही, ते तुम्हालाही जमेल.