जुन्या गाडीची लाज



जुनी गाडी घ्यावी की नवी, हा बाजाराचा प्रश्न. तो या मासिकात कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्या धामणगाव बढे येथे कापूस विकून हाती चार पैसे आले की ओट्यावर हाच विषय निघतो. बोलता बोलता गाडी बाजूला राहते आणि 'लोक काय म्हणतील' एवढेच उरते. तिथे तो परमार्थाचा प्रश्न होतो.

असे समजा, घरात म्हातारी आई आहे. तिला महिन्यातून दोनदा बुलढाण्याला डॉक्टरांकडे न्यायचे असते आणि एसटीत आता तिला बसवत नाही. दीड लाखात बारा वर्षांची गाडी मिळते, पैसे गाठीला आहेत. मग अडते कुठे? मुलीची सोयरीक पाहायची आहे. पाहुण्यांना दारात रंग उडालेली गाडी दिसेल, भाऊबंद हसतील. म्हणून सहा लाखांचे कर्ज काढून नवी घ्यायचे ठरते. शेकडा नऊ व्याजाने पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता साडेबारा हजारांच्या घरात जातो आणि नुसते व्याजच दीड लाखाच्या जवळ पोचते. म्हणजे जुन्या गाडीची सगळी किंमत केवळ लाजेपायी गेली. कोरडवाहू शेतीला महिन्याचा पगार नसतो. हप्त्याला मात्र तारीख असते.

या लाजेला मी हसत नाही. चारचौघांत राहणाऱ्याला ती सुटत नाही. आता तर सप्ताह ठरवायला आलेली मंडळीसुद्धा महाराज कोणत्या गाडीतून उतरतात ते पाहतात आणि त्यावरून विद्वत्ता मोजतात! आमच्या उमेदीत पखवाज मांडीवर घेऊन एसटीने जायचो, तेव्हा ही मोजणी सोपी होती; सगळेच एका मापाचे.

वेदान्तात स्फटिकाचा दृष्टान्त आहे. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की तो तांबडा दिसतो. फूल उचलले की रंग गेला. स्फटिकाला आला नव्हता, गेलाही नाही. जवळ असल्यामुळे आपला रंग दुसऱ्यावर दाखवते, तिला उपाधी म्हणतात. गाडी ही तशीच उपाधी. पाहुणा दारातल्या चकचकीत पत्र्याचा रंग तुमच्यावर पाहतो, आणि गंमत अशी की काही दिवसांनी तो आपलाच रंग आहे असे तुम्हालाही वाटू लागते.

शिवरायांनी पाठवलेला घोडा आणि मशाली, छत्रीचा मान तुकोबारायांनी परत केला, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. वारीत तर याहून नवल आहे. अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व माउलींच्या सोहळ्याला येतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा. त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. रिंगण झाले की लोक याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. ज्या वाहनावर कोणी मिरवत नाही, त्याला आपल्या संप्रदायात एवढा मान!

पण आता उलट बाजू पाहा, कारण इथे भले भले घसरतात. जुनी गाडी घेतली आणि मग जो भेटेल त्याला सांगत सुटले, 'आपल्याला नाही बुवा दिखाऊपणा आवडत.' गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना आधी अमानित्व आणि लगेच अदंभित्व आले आहे. दोन्ही वेगळी सांगावी लागली, याचे कारण हेच. मानाची हाव धरून कर्ज काढले तर पहिले गेले. साधेपणाची दवंडी पिटली तर दुसरे गेले. ज्ञानोबारायांनी अदंभाला कृपणाची उपमा दिली आहे: जीव गेला तरी तो पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही. आपला साधेपणा असा पुरून ठेवता आला पाहिजे. हे मला नवी गाडी नाकारण्यापेक्षा अवघड वाटते.

आणि वाहनाचेच वावडे धरायचे कारण नाही. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा अंगावर चिंध्या आणि हाती खापर घेऊन हिंडले, पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांसाठी. त्यांनी देह ठेवला 1956 साली, अमरावतीला जाताना वलगावजवळ, मोटारीत. मोटार कामासाठी होती. तिने त्यांची चिंधी काही झाकली नाही.

जुनी घेणार असाल तर एवढे पाहा. सातबाऱ्यावर पाहता तसा आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा चढलेला नाही ना, विमा चालू आहे ना, गाडी आपल्या नावावर चढते ना. पंधरा वर्षे झाली की तपासणी करून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी घ्यावी लागते, तो खर्च आधीच धरा. रंग उडालेला चालेल, सीट फाटलेले चालेल. गोटा झालेले टायर आणि ढिला ब्रेक चालणार नाही. साधेपणाच्या नावाखाली म्हातारीला राजूर घाटात घालू नका. ओळखीच्या मिस्तरीला बरोबर न्या, आणि गाडी घाट चढवून, उतरवून मगच पैसे मोजा.